नायट्रोजन डायऑक्साइडसाठी मेटल ऑक्साइड सेन्सर: पहिल्या जोडणीपासून भरवशाच्या आकड्यापर्यंत

मेटल ऑक्साइड सेन्सर जोडला की पहिल्या तासाभरातच स्क्रीनवर काहीतरी आकडा हलायला लागतो. खरी अडचण तिथूनच सुरू होते. हा सेन्सर वायू मोजत नाही. तापवलेल्या ऑक्साइडच्या एका पातळ थराचा रोध किती आहे, एवढंच तो सांगतो. आणि तो रोध बदलायला नायट्रोजन डायऑक्साइडच लागतो असं नाही. ओझोन, हवेतला ओलावा, अल्कोहोलची वाफ, इतकंच काय, हीटरला मिळणारा डळमळीत पुरवठासुद्धा पुरतो. म्हणून या लेखात तारा जोडण्यापेक्षा जास्त जागा ‘हा बदल नेमका कशामुळे झाला’ हे शोधण्याला दिली आहे.

आधी जमवायचं सामान

- नायट्रोजन डायऑक्साइडसाठीच बनवलेला सेन्सर. खालची सगळी उदाहरणं एमआयसीएस-२७१४ ची आहेत. शक्य असेल तर एकसारखे दोन घ्या.
- १६ बिटांचा एडीसी (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारी चिप), उदाहरणार्थ एडीएस१११५
- तापमान आणि आर्द्रतेचा वेगळा सेन्सर, उदाहरणार्थ एसएचटी३१
- नोंद ठेवणारा मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक) आणि मेमरी कार्ड
- ५ व्होल्टचा स्थिर पुरवठा, १ टक्का अचूकतेचे रेझिस्टर, मल्टिमीटर
- टेफ्लॉनची नळी, थोडा ॲक्टिव्हेटेड कोळसा, खाली तोंड असलेली पांढरी पेटी
- सेन्सरची डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचं तांत्रिक माहितीपत्रक. ती वाचल्याशिवाय एकही तार जोडू नका.

## १. थराच्या आत काय घडतं ते समजून घ्या

टिन ऑक्साइड, टंगस्टन ऑक्साइड आणि इंडियम ऑक्साइड हे एन-प्रकारचे अर्धवाहक आहेत. त्यांच्यातून वीज वाहते ती मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. थर बारीक दाण्यांचा असतो आणि दाणे एकमेकांना कडांशी चिकटलेले असतात. गरम पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो आणि दाण्याच्या बाहेरच्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो. त्या पट्ट्यात वाहून न्यायला कोणी उरत नाही. एका दाण्यातून शेजारच्या दाण्यात जायचं तर इलेक्ट्रॉनला प्रत्येक सांध्यावर ऊर्जेचा एक बांध ओलांडावा लागतो. स्वच्छ हवेत दिसणारा रोध म्हणजे मुख्यतः या बांधांची उंची.

नायट्रोजन डायऑक्साइड हा ऑक्सिजनपेक्षाही इलेक्ट्रॉनांचा भुकेला वायू आहे. तो पृष्ठभागावर बसला की आणखी इलेक्ट्रॉन अडकतात, रिकामा पट्टा रुंदावतो, बांध उंचावतो आणि रोध वाढतो. कार्बन मोनॉक्साइड, अल्कोहोल, हायड्रोजन हे क्षपणक वायू नेमकं उलट करतात. बसलेल्या ऑक्सिजनशी त्यांची अभिक्रिया होते, अडकलेले इलेक्ट्रॉन थरात परत येतात आणि रोध घटतो. ही दिशा पक्की लक्षात ठेवा, पुढच्या निम्म्या चाचण्या तिच्यावरच उभ्या आहेत. निकेल ऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड हे पी-प्रकारचे असल्यामुळे त्यांच्यात सगळं उलटं होतं, पण बाजारात मिळणारे नायट्रोजन डायऑक्साइडचे सेन्सर बहुधा एन-प्रकारचेच असतात.

दाण्यांचा आकार फार महत्त्वाचा आहे. टिन ऑक्साइडमध्ये रिकामा पट्टा साधारण ३ नॅनोमीटर जाडीचा असतो. दाणाच ६ नॅनोमीटरपेक्षा लहान असेल तर दोन्ही बाजूंचे पट्टे मध्ये भिडतात आणि अख्खा दाणा इलेक्ट्रॉनांना मुकतो. त्यामुळे संवेदनशीलता एकदम वाढते. बारीक दाणे उष्णतेत हळूहळू एकमेकांत मिसळून मोठे होत जातात, आणि सेन्सर ‘म्हातारा’ होतो त्यामागे हेही एक कारण आहे.

तापमानाचं गणितही वेगळं आहे. क्षपणक वायूंसाठी थर ३०० अंश सेल्सिअसच्या वर ठेवतात. नायट्रोजन डायऑक्साइड मात्र इतक्या गरम पृष्ठभागावर टिकत नाही, लगेच उडून जातो. म्हणून त्याचे सेन्सर कमी तापमानावर, ढोबळमानाने १५० ते ३०० अंशांच्या दरम्यान चालवतात. फार थंड ठेवलं तर बसलेला वायू सुटायला वेळ लागतो आणि हवा स्वच्छ झाल्यावरही रोध बराच काळ वरच रेंगाळतो.

## २. सेन्सर निवडा, पण नावावर जाऊ नका

हे तंत्र १९६२ पासूनचं आहे. जपानमध्ये सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थराने वायू ओळखता येतो हे दाखवलं आणि त्याच वर्षी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे या सेन्सरांचा मोठा वापर झाला तो गॅसगळतीच्या इशाऱ्यासाठी, म्हणजे हजारो पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग) पातळीवर. आपण त्याच तंत्राकडे दहावीस पीपीबी (अब्ज भागांत किती भाग) मागतो आहोत. लाखभर पटींनी बारीक काम! अपेक्षा त्या हिशेबाने ठेवा.

सापळा: एमक्यू-१३५ च्या जाहिरातीत नायट्रोजन ऑक्साइडांचं नाव बरेचदा दिसतं. तो घेऊ नका. तो अमोनिया, बेंझिन, अल्कोहोल, धूर अशा रोध घटवणाऱ्या गोष्टींसाठी बनवलेला आहे. त्याच्यासाठी लिहिलेले तयार प्रोग्राम रोध घटला की ‘प्रदूषण वाढलं’ असं दाखवतात. नायट्रोजन डायऑक्साइड वाढला तर रोध वाढेल, आणि तुमचा प्रोग्राम हवा सुधारली म्हणून सांगेल.

दुसरा सापळा: नायट्रोजन डायऑक्साइड आणि ‘नायट्रोजन ऑक्साइड’ एक नव्हेत. धुराड्यातून आणि वाहनांतून बाहेर पडतो तो मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड. हवेतल्या ओझोनशी त्याची गाठ पडली की त्याचा डायऑक्साइड होतो. सेन्सरचा प्रतिसाद डायऑक्साइडला जोरकस असतो, नायट्रिक ऑक्साइडला कमी. त्यामुळे तुमच्या आकड्याला ‘एकूण नायट्रोजन ऑक्साइड’ म्हणू नका. गाडीच्या एक्झॉस्टमध्ये बसवलेला सेन्सर झिर्कोनियाचा, विद्युतरासायनिक असतो. त्याचा इथे काही संबंध नाही.

डेटाशीटमधली मोजणीची कक्षा पाहाच. एमआयसीएस-२७१४ साठी ती ०.०५ ते १० पीपीएम आहे, म्हणजे खालचं टोक ५० पीपीबी. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची शिफारस दर घनमीटरला २५ मायक्रोग्रॅम आहे. २५ अंश सेल्सिअसला १ पीपीबी म्हणजे १.८८ मायक्रोग्रॅम, त्यामुळे ही मर्यादा सुमारे १३ पीपीबीवर येते. म्हणजे आरोग्याच्या दृष्टीने ज्या पातळीत रस आहे, ती सेन्सरच्या जाहीर कक्षेच्या बरीच खाली आहे. तिथे पोहोचता येतं, पण सरासरी, दुरुस्त्या आणि कॅलिब्रेशन (संदर्भ उपकरणाशी ताडून आकडा जुळवणं) करूनच.

## ३. हीटरचा पुरवठा पक्का करा

एमआयसीएस-२७१४ च्या हीटरला १.७ व्होल्टवर २६ मिलीअँपिअर लागतात. हीटरचा रोध सुमारे ६६ ओहम आणि शक्ती ४३ मिलीवॅट. ५ व्होल्टचा पुरवठा असेल तर मध्ये १३१ ओहम हवेत, १३० ओहमचा १ टक्क्याचा रेझिस्टर चालतो. तो विसरून हीटरला थेट ५ व्होल्ट दिलेत तर शक्ती नऊपटीच्या आसपास जाते आणि सेन्सर तिथेच संपतो. एकाच डबीत दोन थर असलेला एमआयसीएस-४५१४ वापरत असाल तर आणखी जपा. त्यात ऑक्सिडक (नायट्रोजन डायऑक्साइडसारख्या, इलेक्ट्रॉन ओढणाऱ्या) वायूंच्या थराच्या हीटरला १३१ ओहम लागतात आणि क्षपणक वायूंच्या थराला ८२. अदलाबदल झाली तर नायट्रोजन डायऑक्साइडचा थर जास्त तापतो आणि त्याची संवेदनशीलता जाते.

पुरवठ्याची स्थिरता हा दुर्लक्षित विषय आहे. लांब, बारीक यूएसबी केबलमुळे ५ चे ४.७ व्होल्ट होणं अगदी सहज घडतं. पुरवठा ६ टक्के घटला की हीटरची शक्ती जवळपास १२ टक्के घटते. थर थंड होतो, रोध सरकतो आणि आलेखात तो अगदी प्रदूषणासारखा दिसतो. वायफायने माहिती पाठवताना मायक्रोकंट्रोलर झटक्यासरशी जास्त प्रवाह ओढतो, त्याचाही असाच परिणाम होतो. म्हणून हीटरला वेगळा व्होल्टेज रेग्युलेटर द्या. मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून तो चालवू नका.

## ४. रोध मोजणारं सर्किट

पुरवठा, मग सेन्सरचा थर, मग लोड रेझिस्टर (ठरावीक रोधाचा), मग ग्राउंड. थर आणि लोड यांच्या मधल्या बिंदूवरचा व्होल्टेज मोजायचा.

सेन्सरचा रोध = लोड × (पुरवठा − मधला व्होल्टेज) ÷ मधला व्होल्टेज

या जोडणीत प्रदूषण वाढलं की व्होल्टेज घटतो. व्होल्टेजचाच आलेख काढून उलटा अर्थ लावण्याची चूक फार जण करतात. पहिल्या दिवसापासून ओहममध्येच नोंद ठेवा.

लोड ८२० ओहमपेक्षा कमी नको, असं डेटाशीट सांगते. ते का, हे बघण्यासारखं आहे. थरात जास्तीत जास्त उष्णता तेव्हा निर्माण होते जेव्हा थराचा रोध लोडएवढाच असतो. ५ व्होल्ट आणि ८२० ओहम धरले तर ती ७.६ मिलीवॅट भरते, आणि थराची मर्यादा ८ मिलीवॅट आहे. म्हणजे ८२० हा थर जळू नये म्हणून घातलेला तळ आहे, वापरण्याची शिफारस नव्हे.

वापरायचा लोड असा काढा. स्वच्छ हवेतला रोध या प्रकारात ०.८ ते २० किलोओहम कुठेही असू शकतो, एकाच खोक्यातले दोन सेन्सरही सारखे नसतात. समजा तुमचा ३ किलोओहम आहे आणि प्रदूषित हवेत तो ६० पर्यंत जाईल असा अंदाज आहे. ३ आणि ६० च्या गुणाकाराचं वर्गमूळ १३.४ येतं, म्हणून १५ किलोओहम घ्या. मग मधला व्होल्टेज ४.१७ पासून १ व्होल्टपर्यंत फिरेल, दोन्ही टोकांना जागा राहील.

आता एडीसी १६ बिटांचाच का? रोध ६,००० वरून ६,०६० ओहम झाला, म्हणजे १ टक्का वाढला, तर व्होल्टेज सुमारे १० मिलीव्होल्टने बदलतो. १० बिटांच्या एडीसीत ५ व्होल्टसाठी एक पायरी ४.९ मिलीव्होल्टची, म्हणजे बदल जेमतेम दोन पायऱ्यांचा. एडीएस१११५ ला ६.१४४ व्होल्टच्या कक्षेत ठेवलं तर पायरी ०.१८७५ मिलीव्होल्टची, आणि तोच बदल ५४ पायऱ्यांचा दिसतो. दहावीस पीपीबीचा खेळ याच फरकात असतो. दुसऱ्या चॅनलवर पुरवठ्याचा व्होल्टेजही मोजा आणि सूत्रात ५ न घालता तो खरा आकडा घाला.

एडीसी ५ व्होल्टवर आणि मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टवर असेल तर मध्ये लेव्हल शिफ्टर (दोन वेगळ्या व्होल्टेजचे सिग्नल जुळवणारं सर्किट) लावा, नाहीतर कंट्रोलरच्या पिना खराब होतात.

## ५. तापू द्या

नव्या किंवा बरेच दिवस पडून राहिलेल्या सेन्सरला सलग ४८ तास चालू ठेवा. साठवणीत पृष्ठभागावर पाणी आणि सेंद्रिय वाफा बसलेल्या असतात, त्या निघून जायला वेळ लागतो. त्या काळातला रोध नोंदवा, पण वापरू नका. पुढे कधीही वीज गेली आणि परत आली की पहिला तासभर तरी रद्द धरा. वीज वाचवण्यासाठी हीटर बंद-चालू करण्याचा मोह टाळा, प्रत्येक वेळी थर नव्याने स्थिरावत बसतो.

## ६. पेटी आणि हवेची वाट

पेटी पांढरी, सावलीत, तोंड खाली. आत छोटा पंखा असावा, पण त्याचा झोत थेट सेन्सरवर नको, हीटर थंड होतो. मायक्रोकंट्रोलर आणि रेग्युलेटर सेन्सरच्या वर किंवा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

नळी टेफ्लॉनचीच घ्या आणि आखूड ठेवा. रबर, नायलॉन यांच्या भिंतींवर नायट्रोजन डायऑक्साइड चिकटतो, ओझोन तर तिथे नष्टच होतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते ती वेगळीच हवा.

सर्वांत महाग सापळा सिलिकॉनचा. पेटीचे सांधे बंद करायला सिलिकॉन सीलंट लावलंत, की त्याची वाफ गरम थरावर जळते आणि दाण्यांवर सिलिकाचं काचेसारखं कवच चढतं. वायू आतपर्यंत पोहोचत नाही. सेन्सर मेला तरी आकडा दाखवत राहतो, म्हणून हे लवकर लक्षातही येत नाही. सिलिकॉन नसलेलं रबरी गॅस्केट किंवा स्क्रूने घट्ट बसणारं झाकण वापरा. सोल्डरिंग सगळं आटोपल्यावर, फ्लक्सचा वास पूर्ण गेल्यावरच सेन्सर बसवा.

## ७. दिशेची चाचणी

सेन्सरवर हळूच श्वास सोडा. ओलाव्यामुळे रोध घटतो. सर्किट जिवंत आहे एवढंच यातून कळतं, नायट्रोजन डायऑक्साइड ओळखता येतो असं नाही. अल्कोहोलचा बोळा जवळ नेऊ नका. प्रतिसाद जोरदार दिसतो, पण थर भिजतो आणि मूळ पातळीवर यायला फार वेळ घेतो.

त्याऐवजी पेटीत येणारी हवा ॲक्टिव्हेटेड कोळशातून खेचा. कोळसा नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन दोन्ही अडवतो, म्हणून रोध घटून स्थिर झाला पाहिजे. कोळसा काढल्यावर तो पुन्हा चढला पाहिजे. कोळशाबरोबर सिलिका जेल मात्र वापरू नका. हवा कोरडी होते, रोध ओलाव्यामुळे वर जातो आणि दोन परिणाम एकमेकांत मिसळतात.

तांबं आणि नायट्रिक ॲसिड वापरून वायू बनवण्याच्या सूचना सगळीकडे सापडतात. ते करू नका. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासात गेल्यावर सुरुवातीला फारसं काही जाणवत नाही, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. ठरावीक प्रमाणाचा वायू हवा असेल तर प्रमाणित सिलिंडर आणि फ्यूम हूड (विषारी वायू बाहेर खेचणारं कपाट) असलेली प्रयोगशाळाच लागते.

## ८. ओलावा आणि ओझोन वेगळे काढा

पाण्याचे रेणू गरम ऑक्साइडवर हायड्रॉक्सिल गट बनवून बसतात, ऑक्सिजनची जागा अडवतात आणि रोध खाली आणतात. दुरुस्तीसाठी सापेक्ष आर्द्रता वापरू नका. १० अंशांवरच्या ६० टक्के आर्द्रतेत घनमीटरला सुमारे ५.६ ग्रॅम पाणी असतं, ३० अंशांवरच्या ६० टक्क्यांत १८ ग्रॅम. आकडा तोच, पाणी तिप्पट. थराला ग्रॅम कळतात, टक्के कळत नाहीत. तापमान आणि सापेक्ष आर्द्रतेवरून निरपेक्ष आर्द्रता काढा आणि तीच सूत्रात घाला.

ओझोन जास्त चिवट आहे, कारण तोही ऑक्सिडक, तोही रोध वाढवतो. पहिली तपासणी साधी आहे. दिवसभराचा आलेख पाहा. रस्त्यालगतचा नायट्रोजन डायऑक्साइड सकाळ-संध्याकाळच्या वर्दळीला वर जातो. ओझोन सूर्यप्रकाशात बनतो, त्याचा कळस दुपारी येतो. तुमचा कळस रोज दुपारी दोन-तीनच्या सुमाराला येत असेल तर तुम्ही बहुधा ओझोन मोजता आहात. उपाय दोन: हवेच्या वाटेत मँगनीज डायऑक्साइडचा फिल्टर, जो ओझोन मोडतो आणि नायट्रोजन डायऑक्साइड बऱ्याच अंशी जाऊ देतो, किंवा शेजारी ओझोनचा वेगळा सेन्सर.

डिझेलच्या धुराजवळ तिसरीच गंमत होते. नायट्रोजन डायऑक्साइड रोध वर ढकलतो, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन खाली ओढतं. दोन्ही फिटतात आणि अत्यंत घाण हवेत आकडा शांत राहतो. धुराच्या तोंडाशी हा सेन्सर लावू नका.

## ९. कॅलिब्रेशन

अधिकृत मापन केंद्राशेजारी, शक्यतो त्याच उंचीवर, किमान दोन-तीन आठवडे पेटी ठेवा. तिथलं संदर्भ उपकरण रासायनिक प्रकाशाच्या तत्त्वावर चालतं. नायट्रिक ऑक्साइड आणि ओझोनच्या अभिक्रियेतून निघणारा प्रकाश ते मोजतं, आणि डायऑक्साइडचं आधी गरम मॉलिब्डेनमवर नायट्रिक ऑक्साइड करून घेतं. हे रूपांतर नायट्रिक ॲसिडसारखी संयुगंही पकडतं, त्यामुळे दुपारी संदर्भाचा आकडाच किंचित चढा असू शकतो.

तासाभराच्या सरासऱ्या घ्या. समीकरणात ठेवा: रोध आणि मूळ (स्वच्छ हवेतला) रोध यांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम, तापमान, निरपेक्ष आर्द्रता, आणि असेल तर ओझोन. साध्या रिग्रेशनने, म्हणजे नोंदींना सर्वांत जवळून जुळणारं समीकरण बसवून, सुरुवात करा.

आता एक चाचणी अजिबात टाळू नका. समीकरणातून सेन्सरचा रोधच काढून टाका आणि फक्त तापमान व आर्द्रतेवर तेच रिग्रेशन चालवा. चूक जवळजवळ तेवढीच राहिली, तर तुमचा सेन्सर काहीही मोजत नाही. समीकरण हवामानावरून प्रदूषणाचा अंदाज बांधतं आहे, आणि पेटी दुसऱ्या ठिकाणी नेली की तो अंदाज कोसळेल. सुंदर जुळणारे कितीतरी आलेख या एका चाचणीत नापास होतात.

तपासणीसाठी राखलेले दिवस सलग असू द्या, उदाहरणार्थ पहिले चौदा दिवस शिकायला आणि पुढचे सात तपासायला. तास यादृच्छिक निवडलेत तर सकाळी नऊ शिकण्यात आणि दहा तपासण्यात जातो. शेजारचे तास सारखेच असल्यामुळे निकाल खोटा चांगला येतो. आणि चूक पीपीबीमध्ये सांगा. नुसता सहसंबंधाचा आकडा प्रदूषणाचा चढउतार मोठा असला की आपोआप छान दिसतो.

## १०. देखभाल

दर तीन-चार महिन्यांनी पेटी पुन्हा आठवडाभर संदर्भ केंद्राशेजारी न्या. ऋतू बदलला की नक्कीच, कारण उन्हाळ्यात बसवलेल्या समीकरणाला थंड, ओली हवा ठाऊक नसते. मधल्या काळात दोन सेन्सर शेजारी चालू ठेवले असतील तर त्यांच्या रोधांचं गुणोत्तर रोज पाहा. हवा बदलली तर दोघांचे रोध बरोबर हलतात आणि गुणोत्तर फारसं सरकत नाही. गुणोत्तरच एका बाजूला घसरायला लागलं, तर बदल हवेत नाही, दोघांपैकी एका थरात झाला आहे. सेन्सर बदललात तर जुन्या सेन्सरचे गुणांक नव्याला लावू नका, त्याला ४८ तास तापवण्यापासून सुरुवात करा.